जुन्या मालिकांचे रिमेक आणि हरवलेली सबुरी

एखादी जुनी, मनात घर करून बसलेली मालिका नव्याने येणार अशी बातमी आली की मी आजही हरखतो. जाहिरात झळकते, शीर्षकगीताचे ओळखीचे स्वर नव्या वाद्यमेळात ऐकू येतात, कोणत्या भूमिकेत कोण आहे याची चर्चा सुरू होते आणि पहिला भाग मी अगदी मनापासून पाहायला बसतो. पुढचे काही भागही पाहतो, कारण कलाकारांना भूमिकेत रुळायला थोडा वेळ द्यावा लागतो हे मला मान्य आहे. त्यानंतर मात्र बहुतेक वेळा पाहणे आपोआप सुटते. राग येतो असे नाही, रागावण्याइतके काही समोर घडतच नसते. मन त्यात गुंतत नाही एवढेच. इतक्या मालिकांच्या बाबतीत असे झाले आहे की त्यामागचे कारण शोधावेसे वाटले. माझे उत्तर असे आहे की रिमेक करणारे जुन्या मालिकेचे नाव, कथा आणि पात्रे उचलतात, कारण हक्क त्यांचेच विकत घेता येतात. पण ज्या गुणाने ती मालिका मोठी झाली ती सबुरी, म्हणजे लिहिण्यातली, चित्रीकरणातली आणि प्रेक्षकावर विश्वास टाकण्यातली सबुरी, त्यांना घेता येत नाही किंवा घ्यायची नसते.

'रामायण' हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, कारण तिथे मूळ मालिका आणि रिमेक एकाच घरातून आले. रामानंद सागर यांची मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि ७८ भागांनंतर ३१ जुलै १९८८ रोजी संपली. पुढे २००८ मध्ये त्याच सागर आर्ट्सने एनडीटीव्ही इमॅजिन या त्या वेळी नव्या असलेल्या वाहिनीसाठी 'रामायण' पुन्हा केले. म्हणजे करणाऱ्यांना परंपरा ठाऊक नव्हती, कथा परक्या हातात पडली, असा आक्षेप इथे घेता येत नाही. मधल्या वीस वर्षांत कॅमेरे सुधारले होते, संगणकाच्या मदतीने लंका जळताना किंवा सेतू उभा राहताना दाखवणे सोपे झाले होते, आणि गुरमीत चौधरी व देबिना बॅनर्जी यांनी आपापल्या परीने मन लावून काम केले होते. तरीही आज कोणी 'रामायण मालिका' म्हटले की डोळ्यांसमोर अरुण गोविल, दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी यांचेच चेहरे येतात.

जुन्या 'रामायणा'तले दोष मला दिसत नाहीत असे कोणी समजू नये. आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण आज पाहताना बाळबोध वाटतात, रंगवलेले पडदे रंगवलेले आहेत हे लपत नाही, आणि काही प्रसंग इतके लांबले आहेत की त्यांचा निम्मा भाग कापला असता तरी काही बिघडले नसते. पण त्या मालिकेची घडण रामलीलेच्या आणि कथाकीर्तनाच्या परंपरेतून आली होती. पुढे काय होणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, हे तिने पहिल्या भागापासून गृहीत धरले होते. म्हणून तिला उत्कंठा ताणायची गरज नव्हती. रवींद्र जैन यांच्या आवाजातली चौपाई सुरू झाली की कथा थांबत असे आणि झालेल्या प्रसंगात मन मुरायला वेळ मिळत असे. कैकेयीच्या महालात वनवासाची आज्ञा ऐकणारा अरुण गोविल यांचा राम आठवून पाहा. तो उभा राहून ऐकतो, त्याचा चेहरा फारसा बदलत नाही, आणि त्या न बदलण्यातच सगळे आहे. आज तोच प्रसंग चित्रित करणाऱ्याला त्या शांत चेहऱ्याची भीती वाटते. प्रेक्षकाला काहीच कळणार नाही, तो कंटाळून वाहिनी बदलेल, या धास्तीने मग डोळ्यांत पाणी आणले जाते, मागे व्हायोलिन वाजवले जाते आणि राम कोणताही दुखावलेला मुलगा होऊन जातो.

'महाभारता'विषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथला रिमेक सामान्य नव्हता. २०१३ मध्ये स्टार प्लसवर आलेले 'महाभारत' मेहनतीने केलेले होते. सौरभ राज जैन यांचा कृष्ण आणि शाहीर शेख यांचा अर्जुन जीव लावून पाहणारी एक सबंध पिढी आहे, आणि त्या पिढीचे प्रेम खोटे आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या की फरक आधी वेळापत्रकात दिसतो आणि मग पडद्यावर. बी. आर. चोप्रा आणि रवी चोप्रा यांचे 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाले आणि १९९० च्या मध्यापर्यंत चालले. त्याचे ९४ भाग होते. २०१३ च्या मालिकेचे २६७ भाग अकरा महिन्यांत दाखवले गेले. नव्या मालिकेचा एकेक भाग लहान होता हे खरे, परंतु रोज रात्री एक भाग द्यायचा म्हटला की प्रत्येक भागाला स्वतःचा कळस लागतो, शेवटी धक्का लागतो, जाहिरातीच्या आधी आणखी एक लहान धक्का लागतो. रोज पुरतील इतके धक्के महाभारतासारख्या अफाट कथेतही नाहीत. मग ते बाहेरून आणावे लागतात, साध्या संवादाला कटाची छटा द्यावी लागते, दोन माणसांच्या भेटीवर वादळ आणि विजा सोडाव्या लागतात, आणि जेव्हा खरोखरच वादळाचा प्रसंग येतो तेव्हा प्रेक्षकाचे कान आधीच बधिर झालेले असतात.

जुन्या मालिकेतली भीष्मप्रतिज्ञा मला या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. देवव्रत धीवरांच्या प्रमुखाकडे जातो तो भीषण प्रतिज्ञा करायला जात नाही, वडिलांच्या दुःखावर तोडगा काढायला जातो. समोरचा माणूस खलनायक नाही, तो मुलीचा बाप आहे आणि त्याचा हिशेब स्वच्छ आहे: माझ्या मुलीच्या मुलांना काय मिळणार? देवव्रत सिंहासनावरचा हक्क सोडतो. बाप म्हणतो, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण तुमच्या मुलांनी तो मानला नाही तर? तिथे मुकेश खन्ना क्षणभर थांबतात. त्या थांबण्यात एका तरुण माणसाला आपले उरलेले आयुष्य समोर दिसते, आणि मग प्रतिज्ञा येते. एका व्यवहारी बोलण्यातून, एकेक पायरी चढत, ती इतकी अटळ होऊन येते की तिला मोठे करायला कोणत्याही संगीताची गरज उरत नाही. हे लेखनाचे काम आहे. प्रतिज्ञेचा प्रसंग 'महान' आहे हे आधीच ठरवून टाकले आणि पहिल्या क्षणापासून शंखनाद सुरू केला, तर ती वाटाघाट ऐकू येत नाही, आणि ती ऐकू आली नाही तर भीष्माने काय गमावले हे कळत नाही.

त्या लेखनामागे राही मासूम रझा होते, आणि प्रारंभीच्या काळात पंडित नरेंद्र शर्मा यांचे मार्गदर्शन होते. इतक्या पसरलेल्या कथेला एकत्र बांधून ठेवणारा निवेदक म्हणून त्यांनी काळालाच उभे केले आणि हरीश भिमाणी यांच्या आवाजात 'मैं समय हूँ' हे शब्द देशभर पोचले. ही युक्ती किती विचारपूर्वक केलेली होती हे मला रिमेक पाहताना नव्याने उमगले. समय कोणत्याच पक्षाचा नाही. तो एका वाक्यात वीस वर्षे ओलांडू शकतो, एखाद्या राजाची चूक नाव घेऊन सांगू शकतो, आणि तरीही कथेतल्या कोणाचे गुपित तो आपल्या हातात ठेवत नाही. मुख्य म्हणजे काळाला घाई नसते. २०१३ च्या मालिकेने हे काम कृष्णाकडे दिले. तो मधूनच कथेबाहेर येतो, थेट आपल्याकडे पाहून भय, मत्सर, सूड, क्षमा अशा विषयांवर छोटेसे चिंतन करतो आणि 'स्वयं विचार कीजिए' असे म्हणून थांबतो. ही चिंतने पुष्कळांना आवडली आणि आजही लोक ती एकमेकांना पाठवतात. मला मात्र ती प्रत्येक वेळी खटकली. विचार आधीच करून दिलेला असतो, निष्कर्षही सांगून झालेला असतो, आणि मग विचार करण्याचे निमंत्रण येते. त्याहून मोठे नुकसान कृष्णाचे होते. महाभारतातला कृष्ण हा सर्वांत न उकलणारा माणूस आहे. तो युद्ध टाळायला निघाला आहे की घडवायला, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. त्यालाच भाष्यकार केले की तो प्रश्नच संपतो, आणि नितीश भारद्वाज यांच्या हसण्यात जे दडलेले असे ते इथे उघड बोलून टाकले जाते.

(त्याआधी २००८ मध्ये 'कहानी हमारे महाभारत की' या नावाने आणखी एक प्रयत्न झाला होता. तो काही महिन्यांतच आटोपला आणि त्यावर अधिक लिहावे असे मला वाटत नाही.)

लेखकांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठामपणे म्हणाविशी वाटते. त्या काळातल्या ज्या मालिका आज आपण जपून ठेवतो त्यांच्या श्रेयनामावल्या काढून पाहिल्या तर तिथे साहित्यात आधीच नाव कमावलेली माणसे भेटतात. १९८४ चे 'हम लोग' आणि त्यानंतरचे 'बुनियाद' मनोहर श्याम जोशी यांचे. 'ये जो है जिंदगी'च्या विनोदामागे शरद जोशी. 'मिर्झा गालिब' गुलजारांचे. आपल्या मराठीत 'चिमणराव' मालिका चिं. वि. जोशी यांच्या लेखनावर उभी होती आणि 'गोट्या' ना. धों. ताम्हनकर यांच्या. या सर्वांना माणसे कशी बोलतात, कुठे बोलायचे टाळतात आणि एखादे वाक्य अर्धवट सोडले तर ऐकणाऱ्याला काय कळते याची जाण होती. आजच्या मालिका लिहिणाऱ्यांत गुणी माणसे नाहीत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना संधी आणि सवड मिळाली तर ते उत्तमच लिहितील. पण आज रात्री लिहिलेले पान उद्या सकाळी सेटवर आणि दोन-तीन दिवसांत पडद्यावर, टीआरपीच्या आकड्यानुसार कथेची दिशा दर आठवड्याला बदलणार, अशा कारखान्यात कितीही चांगला लेखक बसवला तरी काही महिन्यांत तो पाट्याच टाकणार. जुन्या मालिकेचा रिमेक करताना नेमकी हीच पद्धत तशीच ठेवली जाते आणि तिच्यावर जुन्या मालिकेचे नाव चढवले जाते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मला अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

या पद्धतीचा पडद्यावरचा ठसा कोणालाही ओळखता येईल. घरातला एक माणूस म्हणतो, "मी हे घर विकले आहे." हे वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात. त्यानंतर कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर झेपावतो, मग मोठ्या सुनेच्या, मग धाकट्या मुलाच्या, मग दारात थबकलेल्या काकांच्या. प्रत्येक चेहऱ्यागणिक एक ठोका वाजतो, मग तीच फेरी पुन्हा होते आणि आई पहिला शब्द उच्चारेपर्यंत जाहिराती सुरू होतात. आपण मराठीत याला मालिकेत पाणी घालणे म्हणतो. वरवर पाहता ही संथगती आहे आणि मी जिला सबुरी म्हणतो तीही संथच असते, म्हणून दोन्हींतला फरक स्पष्ट करायला हवा. पाणी घालताना प्रेक्षकाला आधीच कळलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. सबुरीत त्याला न सांगितलेले शोधायला जागा दिली जाते. १९९३ च्या बासू चटर्जी यांच्या 'ब्योमकेश बक्शी'मध्ये रजित कपूर समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत फक्त ऐकत असतात. ऐकताना त्यांची नजर कुठे वळते एवढेच आपल्याला दिसते, आणि ती तिथे का वळली हे आपणच आपल्या मनात लावत बसतो. तिथे कॅमेरा आपल्याला ढोसत नाही. के. के. रैना यांच्या अजितबरोबर आपणही थोडे मागे पडतो आणि त्या मागे पडण्यातच रहस्यकथेची सगळी मजा असते.

विनोदी मालिकांच्या बाबतीत निराशा आणखी लवकर होते, कारण तिथे लपायला जागा नसते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'हम पांच'मध्ये अशोक सराफ यांचे आनंद माथुर पाच मुलींच्या गोंधळातून सुटून भिंतीवरच्या तसबिरीपुढे येऊन उभे राहत आणि त्या तसबिरीतली दिवंगत पहिली पत्नी, म्हणजे प्रिया तेंडुलकर, त्यांच्याशी बोलू लागे. कल्पना कागदावर विचित्रच आहे. ती चालली, कारण अशोक सराफ त्या तसबिरीशी अगदी सरळ, थकलेल्या नवऱ्यासारखे बोलत. विनोद करायचा आहे हे त्यांच्या देहबोलीत कुठेच नसे. २०१७ मध्ये 'हम पांच फिर से' आली तेव्हा कुटुंब तेच होते आणि मुलींचे स्वभावही साधारण त्याच साच्यातले होते. मात्र सगळे जण आपण विनोदी आहोत हे ठाऊक असल्यासारखे वागत होते, आणि प्रत्येक वाक्यामागे वाजणारे गमतीदार आवाज हसण्याची वेळ झाल्याची सूचना देत होते.

'साराभाई वर्सेस साराभाई'ची दुसरी खेप मात्र माझ्या म्हणण्यापुढे प्रश्न उभा करते, आणि तो मला टाळायचा नाही. २०१७ मध्ये ती हॉटस्टारवर आली तेव्हा कलाकार तेच होते, लेखक आतिश कपाडिया तेच होते, दिग्दर्शक देवेन भोजानीही तेच होते, आणि रोजच्या भागांची सक्तीही नव्हती. माझ्या हिशेबाप्रमाणे सगळे जुळून यायला हवे होते. सतीश शहा आणि रत्ना पाठक शहा यांना पुन्हा एकत्र पाहताना आनंद झालाच. तरीही भाग संपल्यावर पहिल्या मालिकेसारखे समाधान मिळाले नाही. माझा अंदाज असा की २००४ मध्ये ही पात्रे कोण आहेत हे लेखकालाही भागागणिक सापडत होते, तर २०१७ मध्ये ती कशासाठी लोकप्रिय आहेत हे सर्वांना पाठ झाले होते. सासू मायाने सून मोनिषाला 'मिडल क्लास' म्हणावे, धाकट्या रोसेशने कविता ऐकवावी, याची आपण वाट पाहतो आणि ते मिळते. पण मागणीनुसार मिळालेले ते पूर्वीसारखे अवचित येत नाही. प्रेक्षकाला नेमके काय हवे आहे हे फार चांगले माहीत असणे हाही रिमेकचा एक शाप असावा.

काही वेळा तर मूळ मालिकेचा गाभा कोणता हेच ध्यानात घेतलेले नसते. 'चंद्रकांता' पाहा. देवकीनंदन खत्री यांच्या कादंबरीतले ऐयार हे वेशांतर, हेरगिरी आणि हजरजबाबीपणा यांवर जगणारे लोक आहेत, आणि तिथले तिलिस्म हे माणसाच्या बुद्धीने रचलेले गूढ बांधकाम आहे. नीरजा गुलेरी यांची १९९४ ची मालिका कादंबरीपासून पुष्कळ दूर गेली होती, तरी ऐयारीची गंमत तिने सोडली नाही. इरफान खान यांचा बद्रीनाथ आणि अखिलेंद्र मिश्रा यांचा क्रूरसिंह लोकांच्या लक्षात राहिले ते या गमतीमुळेच. २०१७ मध्ये एकाच वर्षी दोन वाहिन्यांवर दोन 'चंद्रकांता' सुरू झाल्या आणि दोन्हींचा भर प्रेमकथेवर आणि संगणकी चमत्कारांवर होता. जिथे एखादा माणूस चलाखीने सुटका करून घेई तिथे आता दैवी प्रकाश येऊन सुटका करतो. चमत्काराने सुटणाऱ्या माणसाची काळजी कोण करणार?

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेतल्या १९८५ ते १९९२ या काळातल्या 'मॅकगायव्हर'चा नायक बंदुकीचा तिटकारा असलेला, बहुतेक वेळा एकटा पडलेला आणि हाताशी असलेल्या किरकोळ वस्तूंतून मार्ग काढणारा माणूस होता. त्याचे एकटेपण आणि निःशस्त्रपण हेच त्या मालिकेचे बळ होते, कारण अडचण खरी वाटायची. २०१६ च्या रिमेकमध्ये त्याच्याभोवती तज्ज्ञांचा चमू उभा केला गेला आणि त्यात बंदूक चालवण्यात तरबेज असा सोबतीही दिला गेला. युक्त्या तशाच राहिल्या, पण त्या अपरिहार्य उरल्या नाहीत.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर मला माहीत आहे: हे सगळे स्मरणरंजन आहे, लहानपणी पाहिलेले ते सर्व गोड असते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही, आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून पाहण्याचा अनुभव कोणताही रिमेक परत आणू शकत नाही हेही उघड आहे. पण स्मरणरंजनाने सगळे उलगडत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणे थांबली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला असे दूरदर्शनने जाहीर केले. तो जागतिक विक्रम आहे या दाव्यावर पुढे वाद झाला, तरी ती मालिका अफाट पाहिली गेली याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पाहणाऱ्यांत १९८७ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले होती. त्यांच्याकडे आठवण नव्हती. रंगवलेले पडदे आणि हळू उडणारे बाण त्यांना दिसत होते, ती त्यावर हसलीही असतील, आणि तरी पुढचा भाग पाहायला बसत होती.

शिवाय रिमेक ही गोष्टच मुळात वाईट असती तर चांगले रिमेक झालेच नसते. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही १९७८ ची विज्ञानकथा एका हंगामात संपली होती. रोनाल्ड मूर यांनी २००३ मध्ये तिला पुन्हा हात घातला तेव्हा स्टारबक हे गाजलेले पुरुष पात्र स्त्री केले, यंत्रमानवांना माणसांचे रूप दिले आणि युद्धकाळात सत्ता, श्रद्धा आणि संशय माणसांचे काय करतात हे २००९ पर्यंत उलगडत नेले. जुन्या मालिकेच्या चाहत्यांनी आधी प्रचंड विरोध केला आणि पुढे त्यांच्यातल्याच अनेकांनी ती मालिका उचलून धरली. 'वन डे अ‍ॅट अ टाइम' ही १९७५ ते १९८४ या काळातली घटस्फोटित आईची विनोदी कथा २०१७ मध्ये क्यूबन वंशाच्या अमेरिकन कुटुंबात रुजवली गेली. मूळ मालिकेमागचे नॉर्मन लिअर नव्या मालिकेतही सहभागी होते. तिथे आई सैन्यातून परतलेली परिचारिका झाली, आजी आली, मुलांचे प्रश्न बदलले, पण प्रेक्षकांसमोर, मोजक्या खोल्यांत, संवादांच्या जोरावर मालिका उभी करण्याची पद्धत मात्र कायम राहिली. या दोन्ही मालिकांनी बाहेरचे पुष्कळ बदलले. आपल्याकडे नेमके उलटे होते: तेच नाव, तोच कौटुंबिक वृक्ष, तेच शीर्षकगीत, आणि आतले लेखन मात्र शेजारच्या वाहिनीवरच्या कोणत्याही मालिकेसारखे.

शेवट करण्याच्या बाबतीतही हेच दिसते. ७८ भाग, ९४ भाग, कधी फक्त १३ भाग, अशी हद्द ठरलेली असली की लेखकाला कुठे पोचायचे ते माहीत असते. १९८९ च्या 'फौजी'चे तेरा भाग मोजके होते आणि म्हणूनच त्यातले प्रशिक्षणार्थी आजही नावानिशी आठवतात. रिमेक मात्र एकतर आकडे चांगले आहेत म्हणून संपत नाहीत किंवा आकडे घसरले म्हणून एका आठवड्यात गुंडाळले जातात. 'कसौटी जिंदगी की'सारखी मुळातच दैनंदिन असलेली मालिका २०१८ मध्ये पुन्हा आली तेव्हा तिचीही तीच गत झाली आणि पहिली सात वर्षे चाललेली कथा दोन वर्षांत आवरती घेतली गेली. ज्या प्रेक्षकांनी नव्याने जीव लावला त्यांच्यावर हा अन्यायच आहे. त्यांना कथेचा शेवटही धड मिळत नाही.

नव्या निर्मितीला माझा विरोध नाही, आणि कोणी 'बॅटलस्टार'च्या धाडसाने एखाद्या जुन्या मालिकेला हात घालणार असेल तर मी पहिल्या दिवसापासून पाहीन. पण तेवढी तयारी नसेल तर तोच पैसा आणि तेच कष्ट मूळ मालिका नीट जपण्यासाठी वापरावेत असे मला कळकळीने वाटते. दूरदर्शनने एप्रिल २०२० मध्ये डीडी रेट्रो ही वाहिनी सुरू केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे व्यासपीठ आणले आणि तिथे जुन्या मालिका पाहायला मिळू लागल्या, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. मराठी मालिकांच्या वाट्याला मात्र अजून असे प्रेम पुरेसे आलेले नाही. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, 'बीज अंकुरे अंकुरे' या गाण्याने सुरू होणारा 'गोट्या', पुढच्या काळातले 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, क्रमाने, स्वच्छ चित्र आणि स्वच्छ आवाजात, लेखक-दिग्दर्शकांच्या नावांसह एका ठिकाणी मिळाल्या पाहिजेत. त्यासाठी ज्यांच्याकडे मूळ फिती आहेत त्यांनी त्या बाहेर काढाव्यात, ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी ते अडवून धरू नयेत, आणि उद्या कोणी 'गोट्या' नव्याने करायला निघालाच, तर त्याने आधी तो जुना 'गोट्या' शांतपणे, सबंध पाहावा.